गाऱ्हाण्यातला व्हॉल्व्ह

माझे बाबा ज्या रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर होते, तो रत्नागिरीजवळच्या उघड्या कातळावर उभा होता. जमीन देताना गावाने एकच अट घातली होती : राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, दगड हलवायचा नाही. म्हणून कुंपणाच्या आत, मोठ्या फाटकाजवळ राखणदार तसाच राहिला आणि दरवर्षी गणपतीच्या आधी त्याला कंपनीचा नारळ सुरू झाला. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणं मागायचा, मान आमच्या घराचा, म्हणजे बाबांचा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. युनियनच्या पत्रकांवरच वाढले होते. ‘कामगार बंधूंनो’ ही अक्षरं शाळेत जायच्या आधी मला ओळखता येत होती. भोपाळला झोपेतली माणसं मेली, त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात बाबांनी जेवताना एक गोष्ट सांगितली आणि माझा घास तोंडातच राहिला.

बाबांच्या ताब्यात एक मोठी बंद टाकी होती. आत उकळतं रसायन. दाब फार वाढला तर तो बाहेर सोडायला टाकीच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह उन्हाळ्यापासून थोडा थोडा गळत होता, त्याचा वास ऑफिसपर्यंत जायचा. दुरुस्तीसाठी टाकी दोन दिवस बंद ठेवावी लागली असती. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सोपा उपाय केला. व्हॉल्व्हच्या खालच्या नळीची चावीच बंद करायला लावली. वास थांबला. आता दाब वाढला असता तर त्याला बाहेर जायला वाटच नव्हती.

“मग तुम्ही काय केलंत?”

“रजिस्टरात लिवलं. तीनदा.”

“आणि साहेब?”

“सही केलान. खाली लिवलान, ‘पाहिले’.”

पाहिले! म्हणजे माणूस मरू शकतो हे वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला. गणपतीत अर्धी माणसं रजेवर जाणार होती, टाकी मात्र चालूच राहणार होती, आणि त्या आठवड्यात तिच्याजवळ बाबांची पाळी होती.

मी युनियनच्या खोलीत बसून त्या बंद चावीबद्दल स्टेन्सिल कापला, सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढली आणि फाटकावर वाटली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाबांना बोलावून सांगितलं, “मुलीचं अक्षर छान आहे हो. बालवाडीत लावा तिला.” कामगारही काही कमी नव्हते. बाबांचा जोडीदार फिटर मला बाजारात भेटला.

“काय गो पुढारीण, झ्याक कागद होता तुजा. आमच्या म्हातारीनं त्यात बांगडे गुंडाळलेन.”

घरी येऊन मी सगळा राग बाबांवर काढला. “आणि तुम्ही नारळ ठेवणार! राखणदाराकडे पाना आहे का?”

बाबा शांतपणे म्हणाले, “पाना नाय. पन त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाय.”

मला ती पळवाट वाटली. नारळ स्वस्त असतो, दोन दिवसांची बंद टाकी महाग, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते उठून हात धुवायला गेले.

नारळाच्या दिवशी मी फाटकाला चिकटून उभी होते. आत सगळी पाळी जमली होती. साहेब पुढे, डोक्यावर घडी घातलेला रुमाल. मुंबईहून येऊन पाच वर्षं झाल्यामुळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला ते शिकले होते आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायचे.

बाबांनी हात जोडले. “बा राखणदारा, तुजी लेकरां आज नारळ ठेवतायत, तो मान्य करून घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोनाची वाकडी नजर आसल ती दूर कर, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“टाकीच्या डोक्यावरची वाट बंद करून ठेवलेली हाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सवयीने साहेबही खणखणीत ओरडले. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

बाबा थांबले नाहीत. “ती उघडल्याबिगर यातला एक पन मानूस टाकीजवळ जानार नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पहिला ओरडला तो बांगडेवाला फिटर आणि त्याच्या मागून सगळे. साहेबांनी डोक्यावरचा रुमाल काढून कपाळ पुसलं.

राखणदारासमोर दिलेला शब्द कुणी मोडणार नाही, हे साहेबांना पाच वर्षांत कळलं होतं. संध्याकाळी टाकी थंड केली. फिटरने व्हॉल्व्ह खाली उतरवून उघडला, तर गळलेलं रसायन आत थिजून दगड झालं होतं. नुसती चावी उघडून काही उपयोग झाला नसता. दाब वाढला तरी व्हॉल्व्ह उघडलाच नसता! कितीतरी पाळ्या बाबा त्याच्या खाली उभे राहून घरी आले होते.

नवा व्हॉल्व्ह बसला. गणपतीत बाबा पाळीवर गेले आणि रोज परत आले. एके दिवशी येताना फळ्यावरची नोटीस त्यांनी पाठ करून आणली होती. व्यवस्थापनाच्या दक्षतेमुळे दोष वेळीच लक्षात आला आहे. तसेच पुढील वर्षापासून गाऱ्हाण्याचा मजकूर आठ दिवस आधी ऑफिसात दाखवून मंजूर करून घ्यावा.

सांगताना बाबांना हसून हसून ठसका लागला. मला हसू आलं नाही.

“रजिस्टरातलं ‘पाहिले’ खोडलं का त्यांनी?”

“नाय. तसंच हाय. तीनदा.”

ते पाणी प्यायले, त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, “स्टेन्सिल उरलाय काय गो एखादा?”