एक थेंबही न गळणारी गाडी

हरेशच्या गाडीत हरेशचं स्वतःचं असं काहीच नव्हतं, आणि हे तो येईल त्याला मोठ्या आनंदाने सांगायचा. चासी आणि इंजिन एका मेलेल्या जीपचं, ते दिलं भंगारवाल्या मोमीनचाचांनी. रेडिएटर टेम्पोचा. पुढचे दोन टपोरे गोल दिवे वज्रेश्वरीजवळच्या त्याच्या गावातून आलेले, चुलत्याच्या जुन्या ट्रॅक्टरवरचे. चुलता म्हणालेला, घेऊन जा बाबा, उंदीर राहतात त्यात. आणि गियरच्या दांड्यावर मूठ म्हणून आडवा धागा नेणारा लाकडी धोटा. भिवंडीच्या कामतघरला ज्या लूमवर हरेशने अर्धं आयुष्य ड्युटी केली ना, त्याच लूमचा. तो कारखाना बंद पडला, लूम किलोवर भंगारात गेले, आणि शेठ जाताना एवढंच म्हणाला, "शेड बिकने तक तेरी गाडी यहीं रख." हरेशला ते पण खूप वाटलं. कोण देतं हो आजकाल जागा?

त्याने मोबाईलवर बघितलेलं, परदेशात लोक जुन्या गाड्यांचे तुकडे जोडून कसली भारी गाडी बनवतात. बोनेट नाही, इंजिन उघडं, पुढची चाकं बाहेर, मागून बुटकी. हॉट रॉड म्हणतात. बघितलं आणि वेडच लागलं त्याला. आणि वेडात थोडा हिशोबही होता बरं का. इकडच्या गावांत नवरदेवाला वरातीला जुनी गाडी लागतेच लागते, ती भाड्याने आणतात पार मुंबईहून. मग ती भिवंडीतच का नसावी? रस्त्यावर चालवायचा परवाना हिला मिळणार नव्हता, पण टेम्पोवर चढवून मांडवापर्यंत नेली आणि गावातल्या गावात फिरवली की झालं.

मोमीनचाचा यायचे, कंबरेवर हात ठेवून सांगाड्याकडे बघायचे.

"भाई, ये गाडी है के मुर्गी का पिंजरा?"

"बन रही है चाचा."

"बन जाए तो बताना. ना बने तो भी बताना, वापस तौल लूँगा."

अडलं होतं बॉडीपाशी. पत्रा महाग, पत्र्याला आकार देणारा कारागीर त्याहून महाग. तेव्हा त्याला आठवले काल्हेरचे सासरे, लडकूमामा.

लडकूमामा होड्या बांधायचे. खाडीतून रेती काढायच्या मोठ्या लाकडी होड्या, त्या सगळ्या टापूत त्यांच्या हाताची होडी म्हणजे विषय संपला. मग रेती काढायला बंदी आली. खाडी राहिली, होडीचं काम राहिलं नाही. आजूबाजूला गोडाऊनच गोडाऊन झाली आणि मामा ओट्यावर बसून ट्रक बघायला लागले. शेवटची होडी घरामागे पालथी पडलेली, तिच्यावर सासूबाई, म्हणजे तुळजामामी, बोंबील वाळवायच्या. आणि जावई त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हता. आगऱ्याची पोरगी कुणब्याच्या घरी गेली हे एक, आणि तो लूमवाला हे दुसरं.

"काय पावनं," हरेशला बघताच ते म्हणाले, "आज भंगार न्हाय आनलं?"

"आणलंय मामा, बाहेर टेम्पोत आहे. बॉडी बनवून द्याल?"

"मना गारीतला काय कलतं? मी होरीवाला मानूस."

"मग होडीच बनवा. चाकावर बसेल एवढी."

मामा तोंड फिरवून ट्रक बघायला लागले. हरेश हात हलवत परत आला, झालं, संपलं, असं बायकोला, रंजिताला, सांगून जेवायला बसला. आणि दुसऱ्या दिवशी तुळजामामींचा फोन. "अरं, तुझा सासरा सकालधरना होरी खोलतंय. माझं बोंबील कुठं ठेवू आता?"

त्यांनी आपली शेवटची होडी मोडली. जावयाच्या खुळासाठी. हरेशने फोन ठेवला आणि तसाच काल्हेरला निघाला.

मग काय, मामा आणि हरेश रोज कारखान्याच्या शेडमध्ये एकत्र. सागाच्या जुन्या फळ्या, त्यांना वाफ देऊन बाक काढायचा, जीपच्या चासीवर बसवायच्या. मागचा भाग मामांनी होडीच्या नाळेसारखा, म्हणजे पुढच्या टोकासारखा, निमुळता काढला आणि तो इतका देखणा दिसायला लागला की शेजारचे उगाच येऊन हात फिरवून जायचे. फटी बुजवायला कापूस हवा होता, हरेशने कारखान्यातलं वाया गेलेलं सूत पोतंभर आणून टाकलं. सूत ठासायचं, वर राळ आणि तेल. फट दिसली की मामांना चैन नाही.

"मामा, गाडीला एवढं नाय लागत हो."

"पानी शिरलं तं?"

"रस्त्यावर कुठलं पाणी?"

"पानी कुटना बी येतं," मामा म्हणाले आणि ठोकत राहिले.

एवढं सगळं होईपर्यंत घर रंजिताच्या पगारावर चाललेलं. ती गोडाऊनमध्ये मालाचं स्कॅनिंग करायची. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, आणि शांतपणे म्हणाली म्हणूनच हरेश घाबरला, "एक ऑर्डर करून दाखवा. नीट पार पडली तर गाडी आपली. नाहीतर चाचांना परत द्या आणि माझ्याबरोबर गोडाऊनला चला, माणसं पाहिजेत तिथे."

"बरं," हरेश म्हणाला. दुसरं काय म्हणणार, तिचं चुकीचं थोडीच होतं.

ऑर्डर मिळाली ती काल्हेरमधलीच. केसरीनाथ म्हणून मोठे जमीनवाले, त्यांच्या भाच्याची, भाविकची वरात. केसरीनाथांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "दिसते झ्याक. पन मधेच बंद परली तं लोक आमाला हसतील, ध्यानात हाय ना?"

वरातीच्या आदल्या दिवशी गाडी मामांच्या अंगणात आणून उभी केली. वरातीच्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. तुळजामामींनी पंप चालू केला, तेवढ्यात लग्नघरून बोलावणं आलं आणि तिकडे गाणी रंगली. इकडे गच्चीवरची टाकी भरली, वाहायला लागली, आणि तिचा जादा पाण्याचा पाईप नेमका, अगदी नेमका, गाडीच्या मागच्या सीटवर.

हरेश आणि रंजिता पोचले तेव्हा गाडी काठोकाठ भरलेली. शेजारची दोन पोरं आत डुंबत होती. सीटचा फोम तरंगत होता. हरेशने धावत जाऊन आधी पंप बंद केला.

आणि लडकूमामा? मामा गाडीभोवती फिरत होते, खाली वाकून फळ्यांवरून तळहात फिरवत होते, आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, असा फुललेला.

"बग! बग रंजी! एक थेंब बाहेर न्हाय! सुकी ठनठनीत हाय!"

"बाबा!" रंजिता ओरडली. "पाणी आतमध्ये आहे!"

"मंग? आत हाय म्हंजे बाहेर येत न्हाय ना!"

हरेशला रडू येत होतं आणि त्याला कळेना की हसू पण कुठून येतंय. पोरांना बाहेर काढलं, बादल्यांनी उपसलं, सगळी आळी उपसायला आली. पण तळाला, फळ्यांखालच्या आडव्या लाकडांमध्ये वीतभर पाणी राहिलंच. तिथे बादली जाईना, मग जाईना. आणि तिथेच बॅटरी, तिथेच सगळ्या वायरी. पाणी संपूर्ण निघाल्याशिवाय हात लावता येत नव्हता, आणि संध्याकाळी वरात.

"भोक पाडायला लागेल," हरेश हळूच म्हणाला.

मामांचा चेहरा उतरला. "न्हाय."

"मामा, दुसरा इलाज नाय."

"मी जलमभर भोका बुजवली रं. एक बी पारलं न्हाय. होरीला भोक पारतं का कोन?"

हरेशला वाटलं, राहू दे, नको. ज्या माणसाने आपली होडी मोडून दिली त्याच्याकडे अजून काय मागायचं? तो म्हणाला पण, "राहू दे मामा. मी सांगतो केसरीनाथ शेठना. जाईन गोडाऊनला, काय नाय त्यात."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग आत जाऊन ते गिरमिट घेऊन आले, हाताने फिरवायचं जुनं, आणि बायकोला म्हणाले, "हलद-कुंकू आन."

"आता मधेच?" तुळजामामी म्हणाल्या. त्या सकाळपासून कोणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

"आन गो."

त्यांनी फळीला हळद-कुंकू लावलं, हात जोडले. "माफी कर बाय," गाडीला म्हणाले, "पोरांच्या पोटासाठी करतंय." आणि गाडीखाली उताणे सरकले. बाहेर फक्त पाय दिसत होते. गिरमिट करकर करत फिरत होतं आणि आळीत बाकी आवाज नव्हता. मग भस्सकन धार सुटली ती थेट मामांच्या छातीवर. नखशिखांत भिजून ते बाहेर आले.

"पारलं," म्हणाले. "आता बुरंल ही."

हरेशने वाकून त्यांचे पाय धरले. थँक्यू वगैरे म्हणायला तोंड उघडलं होतं पण तो शब्द इतका लहान वाटला की गिळूनच टाकला.

"पाय सोर, पावनं," मामा म्हणाले. "गारी पूस."

मग सगळी धावाधाव. मांडववाल्याने आपले दोन मोठे पंखे आणून लावले, स्वतःहून, कोणी सांगितलं पण नव्हतं. मोमीनचाचांनी रिक्षात घालून बॅटरी पाठवली, वर फोन, "पिंजरे में पानी? तालाब बनाया क्या?" ओल्या सीटच्या जागी तुळजामामींनी रंजिताच्या लग्नातली गादी काढून दिली आणि तिच्यावर जरीची शाल. हरेश वायरी पुसत होता आणि मनात एकेकाचं नाव घेत होता, आणि नावं संपत नव्हती.

संध्याकाळी भाविक गादीवर बसला. हरेशने चावी फिरवली. घर्रर्र. बंद. केसरीनाथांनी भुवई वर केली. परत फिरवली. घर्रर्र, घर्रर्र, आणि मग ते उघडं इंजिन असं धडधडून पेटलं की बँजोवाला दोन पावलं मागे सरला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

वरात निघाली. पहिल्या गियरमध्ये, मुंगीच्या पावलाने. केसरीनाथ बाजूने चालता चालता एकदम वाकले. "ओ, तुमची गारी गलतंय ना!" लाकडात मुरलेलं पाणी अजून भोकातून टिपटिप पडत होतं.

हरेश उत्तर देणार, तेवढ्यात मागून लडकूमामा ताठ मानेने म्हणाले, "गलू दे. भोक मीच पारलंय."

"अच्छा?" केसरीनाथ म्हणाले. मग थोडं चालून म्हणाले, "मागचा आकार पन तुझाच काय रं? मना वाटला मुंबईची हाय."

मामांनी चालता चालता नुसता हात गाडीच्या मागच्या टोकावर ठेवला आणि वरातभर तो काढला नाही.

हरेशने आरशात बघितलं. बायकांच्या घोळक्यात रंजिता थांबली होती, दोन बायका तिला काहीतरी विचारत होत्या आणि ती मोबाईलमध्ये लग्नाच्या तारखा टाकून घेत होती. तिने मान वर केली, आरशात तिला त्याचे डोळे दिसले असावेत. "पुढे बघा ओ!" ती ओरडली. "नवरा बसलाय आत!"

हरेशने पुढे बघितलं.