वाळूतल्या चौदा खुंट्या

आमच्या बारामतीच्या कॉलेजातल्या बॉटनी डिपार्टमेंटचे किस्से कुणी लिहून ठेवत नाही, तरी साठतच जातात. मी शिकत होतो तेव्हाचे, म्हणजे नव्वदच्या दशकातले, बहुतेक संशयाचे आहेत. कारण त्यांत तात्या आहेत! लासुर्ण्याचे, मेंढपाळ घरातले, आमचे लॅब असिस्टंट.

* * *

जगदाळे सरांची पीएच.डी. कोकणातल्या वाळूच्या टेकड्यांवर. बारामतीत राहून समुद्राचा अभ्यास! तात्यांनी पहिल्याच दिवशी सरांना बाजूला घेतलं. "खरं सांगा सर, तितं जमीन घ्यायचीय व्हय?"

* * *

पहिल्या सहलीत सर समजावत होते. उघड्या वाळूवर आधी मर्यादवेल पसरते. वाऱ्यानं उडणारी वाळू तिच्यात अडते, उंचवटा होतो, वेल त्यातून वर येते. मग गवत. पालापाचोळ्यानं वाळू सुधारली की झुडपं, आणि झुडपं दाटली की वेल हटते.

तात्या भडकले. "म्हंजी जागा करणाऱ्यालाच हुसकायचं? आमच्याकडं कालवा आला, ऊस आला, तवा मेंढरांचं हेच झालं!"

"पण मेंढरांनी कुठं जागा केली होती?"

"मग त्या रानाला खत कुणाचं हुतं, सर?"



* * *

वाळू किती चढते ते मोजायला वेलीत चौदा खुंट्या ठोकायच्या होत्या. तात्यांनी मेंढरांच्या वाड्याला ठोकतात तशाच आखूड तासल्या, आणि सवयीनं वीतभर वर ठेवून बाकी वाळूत घातल्या.

* * *

पुढच्या डिसेंबरात आमची मोजपट्टी बघून गाव गोळा झालं. "रस्ता काढताय?"

"नाही हो, वाळू किती वाढली ते मोजतोय," सर म्हणाले.

गावाला वाटलं, वाळू उपसायला आलेत. त्यानंतर आम्हाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही!

* * *

टेकडीवर पोचलो, तर एकही खुंटी नाही. वर्षाची मेहनत गेली! सरांनी मोजपट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. मला त्यांच्याकडे बघवेना. आम्ही म्हणालो, गावानं चुलीत घातल्या. सरांना दुसऱ्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांचा संशय. तात्यांना आमचा.

आम्हाला घालून पाडून बोलत तात्यांनी वाडा मोजतात तशी पावलं टाकली, वेलीत उकिडवे बसले आणि हातानं उकरायला लागले. कोपरापर्यंत हात आत गेला. बाहेर आला तो खुंटी घेऊन.

"सर, चोर घावला! मुद्देमालावरच बसलाय, अन् वरनं हिरवागार!"