व्हय म्हणायला माणूस लागतं

हे लिहिताना आजही कान गरम होतात. मी आईला सलग सहा आठवडे फसवलं, आणि तेही देवळात बसून.

मी हवाईसुंदरी होते. कंपनी अडचणीत आली, बरीचशी विमानं जमिनीवर बसली आणि घरी पाठवलेल्यांच्या पहिल्याच यादीत माझं नाव आलं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत विमानात नोकरी करणारी मी एकटी, आणि आईने ते साऱ्या मजल्याला ऐकवून ठेवलेलं. मला तोंड उघडवेना. रोज सकाळी अंबाडा घालायचा, लिपस्टिक लावायची, गणवेश चढवून बॅग ओढत निघायचं. आमच्या डोक्यावरूनच विमानं उतरायला जातात. लेक नेमकी कुठल्या विमानात आहे हे आईला कळायचं नाही, म्हणून ती दिसेल त्या विमानाला हात जोडायची. लेक मात्र विक्रोळीच्या टेकडीवरच्या रवळनाथाच्या छोट्या देवळात पंख्याखाली बसलेली. भक्ती वगैरे काही नव्हती. तिथे कोणी हटकत नसे, एवढंच.

हळूहळू मी बिघडत गेले. झोप उडाली आणि हसू काही केल्या जाईना. विमानाच्या दारात प्रवाशांसाठी हसायचं, ते हसू रडतानाही चेहऱ्यावर तसंच. देवासमोर ते हसू घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, मी नसले तर कोणाचं काय अडणार आहे? आईचे जोडलेले हात ठाऊक असून मी असा विचार केला, याची सर्वांत जास्त लाज वाटते.

एका मंगळवारी एक आजोबा नारळ घेऊन आले. देवळात दुसरं कोणी नव्हतं. माझ्या गणवेशाकडे न बघताच म्हणाले, "बाय, जरा उभी रव. व्हय म्हणूक माणूस लागता."

लहानपणी कोकणातल्या आमच्या गावी एकजण देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे; मीही बाबांशेजारी उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडत असे. नाही म्हणवलं नाही.

"बा देवा म्हाराजा, जा कोण घरच्यांपासून तोंड लपवन भायर बसला आसात, तेका घराची वाट दाखय रे म्हाराजा."

ते थांबले. माझ्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकणार नव्हतं. "व्हय म्हाराजा" असं कसंबसं बाहेर पडलं आणि मी हमसून हमसून रडू लागले. ते चिकट हसू तेव्हाच कुठेतरी गळून पडलं. त्यांचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता, हे प्रसाद देताना त्यांनी सांगितलं. गाऱ्हाणं त्याच्यासाठी होतं. देवाने ते कोणासाठी ऐकलं, याची चिकित्सा मी करत नाही.

त्याच दुपारी घराच्या दारातच, बॅग हातात धरून, आईला सगळं सांगितलं. मनात येणारे विचारसुद्धा. तिने माझ्या हातातली बॅग घेऊन आत ठेवली. मग म्हणाली, "इतके दिवस मी हात जोडत होते, ते कोणासाठी गं?" दुसऱ्या दिवशी तीच मला पालिकेच्या हॉस्पिटलात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या अजून चालू आहेत. देवाला शरण जाणं मला फारसं कळत नाही. त्या दिवशी मागणं दुसऱ्याने मागितलं होतं, मी फक्त व्हय म्हटलं होतं.

परवा आई आणि मी भाजी निवडत बसलो होतो. विमानाचा आवाज आला आणि आईचे हात जोडले गेले.

"आई, मी इथे आहे," मी म्हटलं.

"दिसतंय मला. त्यातसुद्धा कोणाची तरी पोर असेलच ना."

मी भाजीची जुडी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हटलं, व्हय म्हाराजा.