अध्यक्षांचं टपाल

पोस्टमनकाका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचे पाय अजून नोकरीतच होते. सकाळचा चहा पोटात गेला की पाय दाराकडे वळत, नसलेल्या पिशवीच्या ओझ्याने डावा खांदा खाली जाई आणि काका निघत. डोळे मिटूनही ओळखावी अशी चाल: चार पावलं, एक थांबा, चार पावलं, एक थांबा. पूर्वी प्रत्येक थांब्याला एकेक दार असायचं. आता एकेक कबर होती. वस्तीच्या टोकाला जी छोटीशी दफनभूमी आहे, तिच्या मंडळाचे काका चिटणीस झाले होते. बिनपगारी आणि फुलअधिकारी, असं त्यांची ताई म्हणायची.

काम त्यांना मानवलं होतं. पाच रांगा, एकशे बारा नंबर. गवत कापून घ्यायचं, फाटकाला रंग द्यायचा, नळ गळला तर वायसर बदलायचा आणि नोंदवही लिहायची. नोंदवहीत प्रत्येकाचं नाव, रांग, नंबर, सगळं मनीऑर्डरच्या फॉर्मवर लिहावं तसं ठसठशीत. "इथली माणसं एक नंबर," काका कौतुकाने सांगत. "पत्ता बदलत नाहीत, आणि घरी नाहीत असं कधी होत नाही."

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक पत्र चुकीच्या दारात पडलं नव्हतं. "कुत्रं चावलं, पण पत्र पोचलं!" ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की ऐकणारे कुत्र्याच्या जागी स्वतःच भुंकून दाखवत. त्या सगळ्या नोकरीत त्यांना जड जायचं ते एकच वाक्य. एखादं म्हातारं माणूस फाटकाशी वाट बघत उभं असायचं, आणि पिशवीत त्याच्यासाठी काही नसायचं. मग काका सायकलवरून उतरायचे, मान जराशी कलती करायचे आणि आवाजाला साय लावून म्हणायचे, "आज तुमचं काही नाही हं."

घरात काका आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताईला प्रश्न विचारायची सोय नव्हती, कारण प्रश्नही तीच विचारी आणि उत्तरही तीच देई. तिचे यजमान पाचव्या रांगेत सहा नंबरला होते. सात नंबर तिने स्वतःसाठी राखून ठेवला होता आणि दर रविवारी घडीची खुर्ची टाकून ती तिथे विणकाम करत बसे. "वारा येतो का? येतो. ऊन लागतं का? नाही लागत. शेजार कसा आहे? ओळखीचा आहे. मग आणखी काय पाहिजे? कायमचं राहायचं, तर जागा आधी बसून बघायला नको?"

त्या मंगळवारी मंडळाच्या नावाने एक पाकीट आलं. वर लिहिलं होतं 'चिटणीस'. म्हणजे आपणच, अशी दोनदा खात्री करून काकांनी ते फोडलं, वाचलं आणि स्वयंपाकघरात येऊन गरजले.

"हे बघ ताई! करकचेरीचं पत्र! म्हणे आमच्या पाच पत्रांना उत्तर नाही! अगं, पाचही पत्रं मी पोचवलीयत. या, या हातांनी!"

"कुणाला पोचवलीस?"

"पाकिटावर होतं त्यांना. अध्यक्षांना."

ताईच्या सुया थांबल्या. "आणि अध्यक्ष कुठे असतात?"

"तिसरी रांग, चौदा नंबर."

"अरे धाकट्या, ते जाऊन तीन वर्षं झाली!"

"म्हणूनच तर तिसरी रांग, चौदा नंबर."

यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. जुने अध्यक्ष गेले तेव्हापासून दर बैठकीत नवा अध्यक्ष निवडायचा विषय निघे आणि 'बघू' या शब्दावर निवांत झोपी जाई. दरम्यान 'अध्यक्ष' असं लिहिलेली पाकिटं येत राहिली. दुसऱ्याचं पत्र फोडायचं? पोस्टमनने? त्यापेक्षा हात तोडून घ्यावा. काकांनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, चौदा नंबरच्या शिळेला टेकवून ठेवला, आणि आलेलं प्रत्येक पाकीट त्यात टाकून, वर "साहेब, टपाल!" अशी हाक देऊन ते परत येत.

ताईने चष्मा लावून पत्र स्वतः वाचलं. मजकूर साधा होता. मंडळ छोटं, म्हणून त्याला करमाफी. पण त्या बदल्यात दर वर्षी एक लहानसा अर्ज पाठवायचा. जुने अध्यक्ष तो गुपचूप पाठवत असत. ते गेल्यावर दोन वर्षं तो गेलाच नव्हता. तिसऱ्या वर्षीची मुदत येत्या शुक्रवारी संपत होती. तोही चुकला, की माफी आपोआप रद्द.

"रद्द म्हणजे?" ताईने विचारलं, आणि या वेळी उत्तर तिला येत नव्हतं.

उत्तर संध्याकाळी पाथरवटाने दिलं. तो शिळांवर नावं कोरायचा, काका-ताईंनंतर मंडळाचा तिसरा सभासद. अक्षरामागे दर लावायची सवय असल्याने तोंडातूनही अक्षरं मोजूनच काढायचा.

"कर लागेल," तो म्हणाला.

"भरायचा कशातून?"

"मागची पट्टी. विकून."

"घेणार कोण?"

"गॅरेज."

मागची पट्टी म्हणजे पाचव्या रांगेतली सहा नंबरच्या पुढची मोकळी जागा. शेजारचा गॅरेजवाला ती दोनदा मागून गेला होता. ताई उठून उभी राहिली. "माझ्या जागेवर तो गाड्या धुणार? मी आयुष्यभर यांच्या घोरण्याशेजारी झोपले, ते शेवटी गाड्यांचं पाणी मध्ये यायला? धाकट्या, उद्या कचेरीत जायचं. कोण येतंय? मी येतेय."

बुधवारी ती दोघं करकचेरीत जाऊन बसली. टोकन सत्तेचाळीस. खिडकीतल्या बाईंना प्रत्येक वाक्याला 'म्हणजे कसंय' ही पायरी लागायची. तिच्यावर पाय ठेवल्याशिवाय त्या पुढे चढत नसत.

"म्हणजे कसंय, संस्था चालू आहे का बंद?"

"चालू," काका म्हणाले. "आमच्याकडचं कुणी सोडून जात नाही."

"म्हणजे कसंय, सभासद किती?"

"वरचे का खालचे?"

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. काकांनी मग सगळी हकिगत सांगितली: कुत्रं, चौतीस वर्षं, बिस्किटांचा डबा. बाईंच्या गालाला मधूनच खळी पडत होती, आणि ती त्या रुमालाने झाकत होत्या.

"म्हणजे कसंय काका, अर्ज आठ ओळींचा आहे. फुकट आहे. हिशेबसुद्धा नको, जमा ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे एवढं हो म्हणायचं. पण दोन गोष्टी लागतील. एक, नोंदणी क्रमांक. तो त्या पाच पत्रांत आहे, या पत्रावर नाही. आणि दोन, अध्यक्षांचं नाव. हयात अध्यक्ष लागतो."

"क्रमांक तुमच्याकडेच असेल की," काका अजिजीने म्हणाले. "ते पत्र मला फोडता यायचं नाही. माझं नाही ते."

"म्हणजे कसंय, तो आम्हाला सांगता येत नाही, संस्थेनेच द्यायचा. पाकिटावर कुणाचं नाव होतं?"

"नाव नव्हतं. नुसतं 'अध्यक्ष'."

"मग ते माणसाला नव्हतंच, काका," बाई म्हणाल्या. या वेळी त्या पायरी न चढताच बोलल्या. "ते खुर्चीला होतं. खुर्चीत जो बसेल त्याचं. कुणी नसेल, तर बसवायचं कुणालातरी."

टोकन अठ्ठेचाळीस पुकारलं गेलं तरी काका जागचे हलले नाहीत.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "चुकीच्या दारात?"

"पाच वेळा," ताईने तत्परतेने हिशेब पुरा केला.

परत येताना काकांची चाल बिघडली होती. तीन पावलं, मग थांबा. सहा पावलं, मग थांबा. ताईने दोन-तीनदा टोमणा ओठांवर आणला आणि गिळला. फाटकाशी पोचल्यावर मात्र म्हणाली, "चौतीस वर्षांचा हिशेब नोकरीबरोबरच बंद झाला, ते बरं झालं. ही पाच नोकरीतली नाहीत, निवृत्तीतली आहेत. धरतात का? नाही धरत."

"धरतात," काका म्हणाले. पण खांदा जरा सावरला.

गुरुवारी सकाळी दफनभूमीतल्या बाकावर बैठक भरली. नियमाप्रमाणे तीन सभासद हवे होते; तीन होते. विषय एकच.

"अध्यक्ष म्हणून मी पाथरवटांचं नाव सुचवतो," काका म्हणाले.

"नको," पाथरवट म्हणाला. दोन अक्षरांत प्रकरण मिटलं.

"मग मी..."

"तू गप्प बैस," ताई म्हणाली. "तू अध्यक्ष झालास तर स्वतःच स्वतःला पत्र पोचवशील आणि पोच मागशील. कोण उरलं? मी उरले. मला येतं का काही? नाही येत. शिकेन का? शिकेन. जागा कुणाची चाललीय? माझी. हात वर करा."

दोन हात वर गेले. क्षणभर विचार करून ताईने स्वतःचाही वर केला.

मग मंडळ चालत तिसऱ्या रांगेत गेलं. डब्याचं झाकण गंजून बसलं होतं; पाथरवटाने छिन्नीच्या एका टोल्याने ते उघडलं. आतल्या पाकिटांचा डिंक गंजलेल्या भोकांतून शिरलेल्या गोगलगायींनी साफ चाटला होता. वरची तीन पाकिटं ओलीने एकमेकांना चिकटली होती, पण तळाची दोन चांगली होती. काकांनी ती उचलली, रुमालाने पुसली, ताईसमोर ताठ उभे राहिले आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"अध्यक्ष, टपाल."

"उशीर झाला," अध्यक्ष म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. "माझ्यामुळे."

ताईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि करंगळीने पाकीट उघडलं. क्रमांक पहिल्याच ओळीत होता.

शुक्रवारी त्याच खिडकीत बाईंनी अर्ज पडद्यावर काढला. संस्थेचं नाव, क्रमांक, वर्ष. जमा मर्यादेच्या आत? हो. अध्यक्षांचं नाव? ताईने सांगितलं. अध्यक्षांचा पत्ता?

"पाचवी रांग, सात नंबर," ताई म्हणाली.

"म्हणजे कसंय आजी," बाईंनी रुमाल तोंडावर धरला, "सध्याचा सांगा."

"सध्याचा होय? मग घरचा घाला." आणि पडद्यावर 'अर्ज मिळाला' असं उमटेपर्यंत तिने काकांची बाही मुठीत घट्ट धरून ठेवली होती. मागच्या दोन वर्षांचे अर्जही बाईंनी त्याच बैठकीत भरून घेतले. "आठ ओळी आहेत, काका. दर वर्षी या," त्या म्हणाल्या. "आणि ते कुत्र्याचं पुन्हा सांगा."

पुढच्या वर्षी मुदतीच्या दोन महिने आधी पाकीट आलं: 'अध्यक्ष'. नवा पोस्टमन ते काकांच्याच हातात देऊन गेला. ताई आतच होती, पलीकडच्या खोलीत. पण रविवार नव्हता तरी काकांनी तिला सांगितलं, "तू तुझ्या जागेवर जाऊन बैस जरा." तिने कारण विचारलं, उत्तर स्वतःच शोधलं आणि हसत खुर्ची उचलली.

पाच मिनिटांनी काका निघाले. चार पावलं, एक थांबा; चार पावलं, एक थांबा. पाचव्या रांगेत, सात नंबरला, विणकामावरून ताईने मान वर केली.

"टपाल!"

"कुणाचं?"

काकांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं. पहिल्यांदा पद वाचलं, मग खुर्चीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या माणसाकडे. "तुमचंच," ते म्हणाले, आणि पाकीट बरोब्बर हातात पडलं.

परतताना ते तिसऱ्या रांगेत वळले. चौदा नंबरजवळचा डबा कधीच काढला होता. तिथे गवतात त्याचा चौकोनी ठसा तेवढा उरला होता. काका थांबले. मान जराशी कलती केली, आवाजाला साय लावली.

"साहेब, आज तुमचं काही नाही हं."