मालिनी मावशींची प्रार्थना

मालिनी मावशींना देवभोळं कोणीच म्हटलं नसतं. अमेरिकेतल्या डब्लिनजवळच्या आमच्या टाउनशिपमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. एका हॉस्पिटलच्या लॅबमधून त्या रिटायर झाल्या होत्या. घरी पूजा करायचे ते दिगंबर काका. मावशींना ओढ होती ती टाउनशिपच्या मीटिंगची, म्हणजे गावसभेची. रस्त्यावरचा बर्फ असो की शाळेजवळचा सिग्नल, त्या हात वर करून बोलणारच.

मीटिंगची सुरुवात प्रार्थनेने व्हायची. दर वेळी गावातले कोणी तरी पाद्री यायचे. मावशीही सगळ्यांबरोबर मान खाली घालून उभ्या राहायच्या. २००५च्या मार्चमध्ये अध्यक्षबाईंनी त्यांना विचारलं, "पुढच्या वेळची प्रार्थना तुम्ही कराल?"

दिगंबर काका वैतागले. "कशाला उगाच? दोन हजार एकच्या हल्ल्यापासून लोक कसे झालेत बघतेस ना? पार्किंगवरूनसुद्धा अंगावर येतात."

"म्हणूनच जाते," मावशी म्हणाल्या.

मी त्यांना ड्राइव्ह करून नेलं. बातमी पसरली होती, हॉल गच्च भरला होता. कोटाखाली नेसलेली सुती साडी सावरत मावशी माइकपाशी गेल्या. प्रार्थना त्यांनी स्वतःच रचली होती, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत.

"देवा, या गावातल्या प्रत्येकाला सुखरूप घरी पोहोचव..."

मागच्या रांगेतून हॉब्ज उठला. मावशींच्याच गल्लीतला म्हातारा. एकेकाळी कुंपणावरून दोघांच्या टोमॅटोच्या रोपांबद्दल गप्पा चालायच्या.

"हा आमचा देव नाही!" तो ओरडला. "हा येशूचा देश आहे!" आणखी काही जण उठले. कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

मावशी थांबल्या. गलका ओसरल्यावर त्यांनी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ओरडा. त्या पुन्हा थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून.

"मालिनी, राहू द्या," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

"नाही. मला पुरी करायची आहे."

शेवटी ओरडणाऱ्यांचाच घसा बसला. मावशींनी मराठी संपवलं, इंग्रजी संपवलं, सगळ्यांना 'थँक यू' म्हटलं आणि जागेवर येऊन बसल्या. परत येताना गाडीत त्यांनी कोट घट्ट ओढून घेतला. "हीटर वाढव गं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या मीटिंगमध्ये ठराव आला, की यापुढे वाद नकोत, प्रार्थनेऐवजी मिनिटभर शांत उभं राहायचं. मावशी उठल्या.

"इतकी वर्षं तुमचे पाद्री बोलले आणि मी मान झुकवून ऐकलं. त्यात माझं काही गेलं नाही. माझी पाळी आली, तेव्हाच तुम्हाला शांतता कशी आठवली? ओरडणाऱ्यांना गप्प करा ना. प्रार्थना का बंद करता?"

ठराव तरीही मंजूर झाला.

बाहेर पार्किंगमध्ये हॉब्जने वाट अडवली. रागाने लाल झाला होता. "तुझ्यामुळे आमची प्रार्थना गेली!"

"मी तर प्रार्थनाच करत होते, मिस्टर हॉब्ज," मावशी म्हणाल्या. "ओरडत तुम्ही होतात."

तो बाजूला झाला नाही. मावशीच वळसा घालून गाडीत बसल्या.

त्यानंतर आमच्याच मराठी मंडळातल्या काहींनी त्यांना सुनावलं, आपण पाहुणे आहोत, जरा जपून राहावं. "पाहुणे तुम्ही असाल," मावशी म्हणाल्या. "मी इथे टॅक्स भरते, मत देते."

मीटिंगला त्या अजूनही जातात. मिनिटभर सगळे गप्प उभे राहतात, त्याही राहतात. हॉब्ज समोर आला की त्या स्वच्छ आवाजात म्हणतात, "गुड इव्हनिंग, मिस्टर हॉब्ज." तो तोंड फिरवतो. तीन वर्षं झाली, एकदाही उत्तर नाही.

मी एकदा हॉलच्या दारात चिडून म्हटलं, "मावशी, सोडा ना आता. त्याला कुठे फरक पडतो?"

"अगं, त्याने रीत सोडली म्हणून मीही सोडू?" त्या म्हणाल्या आणि कोट खुंटीला अडकवून पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.