सोडून दिलेली काहील

काल दौंडच्या बाजारात ह्यांनी एक खरबूज उचलून माझ्या नाकाशी धरलं, आणि त्या वासासरशी मी भीमेतल्या आमच्या बेटावर जाऊन पोचले.

लग्नानंतरचे पाच-सहा उन्हाळे आम्ही दोघांनी त्या इवल्याशा बेटावर काढले. वाळूत खरबुजाचे वेल, राहायला खोप, आणि काठावर जायला गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची जुनी भलीमोठी काहील. तीच आमची होडी. पहाटेपासून घागरीनं वेलांना पाणी घालायचं, फळं तोडायची, बाजाराला न्यायची. एकमेकांशी धड बोलायलाही सवड नसे.

एकदा मला दोन दिवस ताप होता. तरी सकाळी पाटी भरून मी काहिलीकडे निघाले. ह्यांनी चारदा "नगं जाऊ" म्हणून पाहिलं. मग दोर सोडला आणि पायानं काहील धारेला ढकलून दिली.

"आता जा, कशी जातीस ती!"

मी रागानं रडले, नाही नाही ते बोलले आणि खोपीत जाऊन पडले, ती झोपच लागली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. सगळे वेल पाणी पिऊन ओले होते. पोहत जाऊन खालच्या डोहातून ओढून आणलेली काहील काठाला बांधलेली होती, आणि हे ओल्या कपड्यांनीच माझ्या कपाळावर हात ठेवून बसले होते.

"अवो, वाहून गेली असती म्हंजी?" मी अजून भांडतच होते.

"काहील दुसरी मिळती," ते म्हणाले.

किती उधळा माणूस आपल्या वाट्याला आलाय, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.