पोट या वर्षीचं दाखवा

डॉ. सुमनताई देवतळे यांची माझी पहिली भेट वर्ध्याच्या आमच्या रुग्णालयातल्या सीटी स्कॅनच्या खोलीत झाली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी नवी तंत्रज्ञ होते. मॅडमनी आधी मलाच टेबलावर झोपवलं. "पाच मिनिटं हलू नको. इथं माणसाला किती एकटं वाटतं ते कळू दे." मनात म्हटलं, काय बाई आहेत या!

पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आला, की मांडीतून तार घालून आत अस्तराची नळी बसवतात. माणूस चार दिवसांत घरी जातो आणि बरा झालो म्हणून निर्धास्त होतो. पण नळीच्या कडेनं रक्त पाझरलं, तर फुगा पुन्हा वाढतो, अन् दुखत मात्र काहीच नाही. म्हणून दरवर्षी स्कॅन. त्यासाठी मॅडम स्वतःच्या हातानं पोस्टकार्डं लिहीत.

अशी नळी बसवलेले गिरडचे किराणा दुकानदार नामदेवराव यांनी कार्ड मिळाल्यावर भावाच्या हाती मागच्या वर्षीची फिल्म पाठवली. तो म्हणाला, "भाऊ दुकानात बसून राह्यला. त्याले काई त्रास नाई. फोटो पाहून घ्या." मीही शहाणी! जुना रिपोर्ट वाचला, "सगळं ठीक आहे" म्हणाले आणि त्या भावाला वाटेला लावलं.

दुपारी मॅडमना कळलं. त्या रागावल्या नाहीत. पर्स उचलली आणि मला घेऊन समुद्रपूरची एसटी धरली, तिथून गिरड. नामदेवराव गुळाची भेली फोडत होते.

"मले काय झालं? ठणठणीत आहो मी!"

"फोटो मागच्या वर्षीचा आहे, नामदेवराव. पोट या वर्षीचं दाखवा."

दुसऱ्या दिवशी स्कॅनमध्ये पाझर दिसला. फुगा चांगलाच वाढला होता. त्यांना तडक नागपूरला हलवलं, नळीला जोड बसला आणि ते वाचले.

पुढं वरिष्ठांनी विचारलं, या पेशंटच्या भावाला स्कॅनशिवाय परत कसं पाठवलं? मॅडम म्हणाल्या, "पेशंटनं स्वतः यायचं, हे माझ्याच कार्डात नीट लिहिलेलं नव्हतं." मी शेजारी उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही.

मॅडम, कार्डात सगळं नीट होतं. चूक माझी होती. आज तुमच्या पंचाहत्तरीच्या निमित्तानं सर्वांसमोर सांगते आणि तुमची माफी मागते. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. तुमच्या हाताखाली मी घडले, आणि त्या दिवशी नामदेवरावांबरोबर तुम्ही मलाही वाचवलंत.